गेल्या वर्षात त्रास किती वेळा वाढला? सीओपीडी आणि रुग्णाची आठवण

दीर्घश्वास

सीओपीडी म्हणजे श्वासनलिका कायमच्या अरुंद होऊन धाप लागणारा फुप्फुसांचा जुनाट आजार. त्याच्या प्रत्येक तपासणीत एक प्रश्न हमखास विचारला जातो: "गेल्या बारा महिन्यांत त्रास किती वेळा वाढला होता?" रुग्ण क्षणभर वर बघतो, "दोनतीनदा असेल" म्हणतो, फाइलमध्ये २ लिहिलं जातं आणि पुढचा प्रश्न सुरू होतो. त्रास वाढण्याच्या अशा प्रसंगाला इथे 'उसळी' म्हणू. एवढ्या घाईत लिहिलेल्या आकड्यावर काय काय ठरतं ते पाहा.

सीओपीडीच्या उपचारांची जागतिक मार्गदर्शक तत्त्वं काढणाऱ्या 'गोल्ड'च्या २०२३ च्या अहवालात रुग्णांचे ए, बी आणि ई असे तीन गट केले. वर्षात दोन किंवा अधिक मध्यम उसळ्या, किंवा इस्पितळात दाखल व्हावं लागलेली एक, असं असेल तर त्या अहवालाप्रमाणे रुग्ण ई गटात जायचा. या गटात सुरुवातीलाच लांब पल्ल्याची दोन श्वासनलिका रुंदावणारी औषधं एकत्र देतात, आणि रक्तातल्या इओसिनोफिल या पांढऱ्या पेशी मायक्रोलिटरला ३०० किंवा जास्त असतील तर श्वासातून घ्यायचं स्टिरॉइड जोडण्याचा विचार होतो. सीओपीडीत या स्टिरॉइडने न्यूमोनियाचा धोका वाढतो. म्हणजे आठवणीत एक उसळी जादा मोजली गेली तर नको असलेला धोका पदरात पडतो. एक कमी मोजली गेली तर पुढची गंभीर उसळी टाळू शकणारं औषध मिळत नाही. रोफ्लुमिलास्ट ही दाह कमी करणारी गोळी किंवा दीर्घकाळ ॲझिथ्रोमायसिन हे अँटिबायोटिक देण्याचा निर्णयही याच इतिहासावर उभा असतो.

इतिहासाला एवढं वजन देण्यात चूक काहीच नाही. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एक्लिप्स अभ्यासात २,१३८ रुग्णांवर तीन वर्षं लक्ष ठेवलं होतं. पुढे उसळी येईल का, हे सांगणारी सगळ्यात भक्कम खूण होती आधीच्या वर्षातली उसळी. फुंकून मोजलेली फुप्फुसाची क्षमतासुद्धा तिच्या मागे पडली. प्रश्न फक्त एवढाच आहे की तो इतिहास आपण कुठून आणि कसा मिळवतो.

उपचारांवरून तीव्रता ठरवायची जुनी रीत अजून सगळीकडे चालते, तीच या धाग्यात धरू. फक्त तात्पुरत्या आराम देणाऱ्या पंपावर भागलं तर सौम्य. तोंडाने स्टिरॉइड किंवा अँटिबायोटिक किंवा दोन्ही लागलं तर मध्यम. इस्पितळ किंवा आपत्कालीन विभाग गाठावा लागला तर गंभीर.

रुग्णाची आठवण नेमकी कुठे टिकते, कुठे निसटते आणि आपण कसं विचारलं तर कमी निसटते, यावर जाणकारांनी लिहावं.

मध्यमान

एक्लिप्सबद्दल एक महत्त्वाची भर. त्यात अभ्यासापूर्वीच्या वर्षाचा इतिहास रुग्णाच्या आठवणीवरूनच घेतला होता, पण फक्त उपचार घेतलेल्या उसळ्यांचा. त्या आठवणीवरून पुढचा अंदाज चांगला बांधता आला. म्हणून आठवण सरसकट मोडीत काढू नये.

या विषयावरचे दोन अभ्यास वरवर एकमेकांच्या विरोधात दिसतात. लंडनच्या एका संशोधक गटाने २०११ साली रोजच्या नोंदकार्डांची तुलना रुग्णांच्या वर्षभराच्या आठवणीशी केली आणि जुळणी चांगली निघाली. उलट स्वित्झर्लंड आणि नेदरलंड्समधल्या रुग्णांवरचा २०१६ चा अभ्यास सांगतो की तज्ज्ञांच्या समितीने कागदपत्रं तपासून ठरवलेला आकडा आणि रुग्णाने सांगितलेला आकडा यांत बरीच तफावत होती, कमी सांगण्याचीही आणि जास्त सांगण्याचीही.

माझ्या मते फरक मुख्यतः परिस्थितीचा आहे. लंडनचे रुग्ण रोज कार्ड भरत होते, त्रास वाढला की कळवायची त्यांना सवय लागली होती. रोज लिहिणाऱ्याची आठवण आपोआप पक्की होते. ज्याने कधी काही टिपलंच नाही अशा रुग्णाला ते निष्कर्ष जसेच्या तसे लावता येत नाहीत.

शिवाय गटाची सरासरी जुळली म्हणजे माणूस जुळला असं होत नाही. समजा दहा रुग्णांपैकी तिघांनी एकेक उसळी जास्त सांगितली आणि तिघांनी एकेक कमी. बेरीज तंतोतंत जुळेल, पण सहा जणांचा आकडा चुकलेला असेल. आणि २०२३ च्या गोल्डप्रमाणे उंबरठा १ आणि २ च्या मधोमध धरला तर एका आकड्याची चूक सगळ्यात महाग पडते. पाच की सहा यात घोळ झाला तर उपचार फारसे बदलत नाहीत. सगळी मेहनत एक की दोन हे ठरवण्यावर घालावी.

रातराणी

परिचारिकेच्या बाजूने सांगते. जे कधी सांगितलंच गेलं नाही त्याचा हिशेब आधी लावायला हवा. लंडनच्याच गटाच्या १९९८ च्या अभ्यासात, नोंदकार्डांवर दिसलेल्या उसळ्यांपैकी जवळपास निम्म्या डॉक्टरांपर्यंत पोचल्याच नव्हत्या. त्यांचा कागद नाही, औषध नाही, बिल नाही. वर्षाने त्या आठवाव्यात तरी कशाच्या आधाराने?

त्या निसटण्यामागे कारणं असतात. उसळी दर वेळी एका रात्रीत येत नाही. कधी चारपाच दिवस कफ वाढत जातो, मग रंग बदलतो, मग जिना नकोसा होतो. सुरुवात ठळक नसली की मनात तिची तारीख उमटत नाही. शेवटही पुसट असतो. २००० साली याच गटाने दाखवलं की पीक फ्लो, म्हणजे जोरात फुंकताना मोजलेला हवेचा वेग, पूर्ववत व्हायला बऱ्याच जणांना आठवडाभर लागतो, पण ३५ दिवसांनीसुद्धा फक्त तीन चतुर्थांश उसळ्यांमध्ये तो पूर्ण सावरला होता, आणि सुमारे ७ टक्क्यांमध्ये ९१ दिवसांनीही नाही. अशा रुग्णाच्या दोन उसळ्या एकमेकींत मिसळतात. तो म्हणतो, "थंडी सुरू झाल्यापासून बरंच नव्हतं." त्या एका वाक्यात एक उसळी असेल किंवा तीन.

गंभीर उसळी तरी नीट आठवेल असं वाटतं. दाखल झाल्याची घटना आठवतेही, तपशील मात्र भरवशाचे नसतात. रक्तात कार्बन डायऑक्साइड साचला असेल, ऑक्सिजन खाली गेला असेल, तर माणूस गुंगीत किंवा भ्रमात असतो. ते दिवस त्याच्या स्मरणात नोंदलेच गेलेले नसतात. तिथे सोबत असलेल्या माणसाला विचारावं. अतिदक्षता विभागातून वॉर्डात हलवलं तर काही जण ते दोनदा दाखल झाल्यासारखं मोजतात. घरी जाऊन पाच दिवसांत परत आले तर कुणी एक सांगतं, कुणी दोन. डिस्चार्ज कार्डावरच्या तारखा हा त्यावर एकच इलाज.

पिंपळपान

श्वसनाचे व्यायाम घेणारे आम्ही लोक आणखी एक गोष्ट रोज पाहतो. रुग्णाची 'नेहमीची' पातळीच खाली सरकत असते. पूर्वी दोन मजले चढणारा आता एक चढतो आणि त्यालाच नेहमीचं म्हणतो. "नेहमीपेक्षा वाढलं का?" या प्रश्नाचं उत्तर मग आजच्या पातळीशी तुलना करून येतं, सहा महिन्यांपूर्वीच्या पातळीशी नाही.

यासाठी काम धरून विचारावं. "आंघोळ करताना मध्येच बसावं लागलं असे काही सलग दिवस होते का?" "एखाद्या आठवड्यात खाटेवर न झोपता खुर्चीत बसून रात्र काढावी लागली का?" "घरातल्या घरात चालायला आधार घ्यावा लागला का?" धाप ही जाणीव विसरली जाते, पण बंद पडलेलं काम आठवतं. आणि हे सोबतच्या माणसालाही ठाऊक असतं.

दर भेटीला कॅट या सीओपीडीच्या प्रश्नावलीतले आठ प्रश्न, म्हणजे ० ते ४० गुण, आणि एमएमआरसी या मोजपट्टीवरची ० ते ४ ही धापेची पायरी लिहून ठेवली की सरकलेली पातळी कागदावर दिसते. कॅट आजची स्थिती सांगतो, वर्षातल्या उसळ्या मोजत नाही. या दोन कामांची सरमिसळ मात्र करू नये.

सांजवेळ

स्मरणशक्तीच्या बाजूने लिहितो. 'आठवत नाही' हा दोषाचा फक्त एक प्रकार झाला. दुसरा प्रकार असा की घटना आठवते, पण काळात पुढे सरकून बसते. चौदा महिन्यांपूर्वी दाखल झालेला माणूस अगदी प्रामाणिकपणे "याच वर्षी" म्हणतो, कारण प्रसंग मोठा होता आणि ठळक प्रसंग जवळचा वाटतो. बारा महिन्यांच्या खिडकीत अशी जुनी घटना घुसली की रुग्णाचा गट बदलतो.

यावर सर्वेक्षणवाल्यांनी फार पूर्वी तोड काढली. नेटर आणि वाक्सबर्ग यांनी १९६४ साली घरखर्चाच्या मुलाखतींत हा दोष मोजला आणि उपाय दाखवला: मागच्या मुलाखतीत काय सांगितलं होतं ते समोर ठेवून, "त्यानंतर काय झालं?" एवढंच विचारायचं. दवाखान्यात हे सहज जमतं. "गेल्या वर्षात" असं न विचारता "मागच्या भेटीत तुम्ही अमुक उसळी सांगितली होती, तिच्यानंतर?" असं विचारा. तीच घटना दुसऱ्यांदा मोजली जात नाही.

मागची भेटच नसेल तर खुणेच्या तारखा वापरा. कोऱ्या कागदावर बारा चौकोन काढायचे. त्यांत आधी रुग्णाच्या आयुष्यातल्या पक्क्या गोष्टी भरायच्या: सण, लग्न, परीक्षा, घर बदलणं, एखादी शस्त्रक्रिया. मग आजपासून मागे मागे जात प्रत्येक चौकोनाला विचारायचं. मागे जाणं सोपं पडतं, कारण अलीकडचं आधी हाती लागतं आणि त्याला धरून त्याआधीचं.

सगळ्यात वाईट आणि शेवटची अवस्था, या दोन गोष्टी मनावर जास्त उमटतात. त्रास किती दिवस चालला हे त्या मानाने फार कमी उमटतं. म्हणून "किती दिवस?" याचं आठवणीतलं उत्तर सगळ्यात कच्चं समजावं.

आणि माणसं मुद्दाम कमी सांगतात तेही विसरू नका. पुन्हा विडी-सिगारेट सुरू झालेली असते, पंप नियमित घेतलेला नसतो, स्टिरॉइडची भीती असते. "परत ॲडमिट व्हा म्हणतील" हीसुद्धा भीती असते. प्रश्नात रागाची छटा आली की उत्तर "एकदाच" येतं. उलट घाबरून श्वास जलद होण्याचे प्रसंग काही जण उसळीत धरतात. ते सहसा मिनिटांत किंवा तासाभरात ओसरतात आणि कफात फरक पडत नाही. तेवढं विचारलं तर बरेचसे वेगळे काढता येतात.

औषधपेटी

@सांजवेळ, चौकोनांचा कागद उत्तम. त्यात औषधांच्या खुणा भरल्या की अर्धं काम होतं. "अटॅक आला होता का?" यावर अडखळणारा माणूस "पाच दिवसांच्या गोळ्या किती वेळा घेतल्या?" याचं उत्तर चटकन देतो.

बऱ्याच ठिकाणी उसळीत प्रेडनिसोलोन दिवसाला ४० मिलिग्रॅम, पाच दिवस, असा कोर्स देतात. म्हणजे एकूण २०० मिलिग्रॅम. औषध दुकानाच्या नोंदीत किंवा बिलावर साधारण एवढा हिशेब एका तारखेला दिसला की एक कोर्स धरता येतो. पण इथे फसायच्या जागा पुष्कळ आहेत.

स्टिरॉइड सांधेदुखीसाठी किंवा ॲलर्जीसाठी दिलेलं असू शकतं. अँटिबायोटिक दाताचं किंवा लघवीच्या जंतुसंसर्गाचं असू शकतं. काहींना आगाऊ औषधांचा संच घरी दिलेला असतो. त्याच्या बिलाची तारीख म्हणजे उसळीची तारीख नव्हे. संच उघडला कधी, आणि पुन्हा भरून घेतला का, हे विचारा. काही जण तिसऱ्या दिवशी बरं वाटलं म्हणून थांबतात आणि उरलेल्या गोळ्या पुढच्या वेळी स्वतःहून घेतात. तिथे बिल एक, उसळ्या दोन. याच्या उलट, तीच चिठ्ठी दाखवून दोनदा औषध आणलं जातं आणि घरात पडून राहतं.

सौम्य उसळ्यांचा माग लागण्याची थोडीफार शक्यता आराम देणाऱ्या पंपात असते. सालब्युटामॉलच्या पंपात साधारणपणे २०० मात्रा असतात. एरवी तीन महिने पुरणारा पंप तीन आठवड्यांत संपला असेल तर त्या काळात काहीतरी घडलंय. आकडा दाखवणारा पंप असेल तर दर रविवारी तो आकडा टिपावा. आकडा नसेल तर पंपाच्या अंगावर उघडल्याची तारीख पेनाने लिहावी. तेवढंही पुरतं.

दीर्घश्वास

सगळ्यांचं वाचून विचारण्याचा क्रम असा लावता येईल. आधी इस्पितळ, कारण ते सगळ्यात पक्कं आठवतं आणि कागद असतो. मग स्टिरॉइडचे आणि अँटिबायोटिकचे कोर्स, ते कशासाठी घेतले या प्रश्नासकट. मग ठरल्या वेळेआधी डॉक्टरकडे किंवा औषध दुकानात जावं लागलं का. सगळ्यात शेवटी औषधाशिवाय घरीच काढलेले वाईट दिवस, @पिंपळपान यांच्या प्रश्नांनी. प्रत्येक उत्तरापुढे ते कशावरून आलं तेही लिहावं: डिस्चार्ज कार्ड, बिल, नातेवाईक, की नुसती आठवण. वर्षभराने फाइल उघडणाऱ्याला '२' या आकड्यापेक्षा "१ कार्डावरून, १ आठवणीतून" हे कितीतरी उपयोगी पडतं.

कागद आहे म्हणून निदान बरोबर असेलच असंही नाही. न्यूमोनिया, हृदय निकामी होण्याने साचलेलं पाणी, फुप्फुसात अडकलेली रक्ताची गुठळी, या सगळ्यांची सुरुवात धापेनेच होते, आणि चिठ्ठीवर घाईत 'सीओपीडी वाढला' असं लिहिलं जातं. पायांची सूज आणि लघवीच्या गोळीने उतरलेली धाप दिसली तर ती उसळी यादीत धरण्याआधी थांबावं.

मध्यमान

नोंदवहीबद्दल राहिलं. कागदी रोजनिशीवर डोळे मिटून विश्वास ठेवू नये. २००२ साली बीएमजे या वैद्यकीय नियतकालिकात दीर्घकालीन वेदनेच्या ८० रुग्णांवरचा अभ्यास आला होता. कागदी वहीत प्रकाश ओळखणारा संवेदक लपवला होता, म्हणजे वही खरंच कधी उघडली ते कळत होतं. रुग्णांच्या म्हणण्यानुसार ठरल्या वेळी भरलेल्या नोंदी ९० टक्के होत्या, प्रत्यक्षात ११ टक्के. बाकीच्या नंतर बसून भरलेल्या. इलेक्ट्रॉनिक वहीत हेच प्रमाण ९४ टक्के होतं, कारण ती वेळेबाहेर नोंद घेतच नव्हती. आजार वेगळा असला तरी माणसाचा स्वभाव तोच. एकाच पेनाने, एकाच हाताने, एकाच दमात लिहिलेला महिना दिसला की तो आठवणीच्याच रांगेत बसवावा.

संशोधनात एक्झॅक्ट नावाची १४ प्रश्नांची रोजची नोंद वापरतात, गुण ० ते १००. रुग्णाच्या स्वतःच्या नेहमीच्या गुणांपेक्षा सलग तीन दिवस ९ किंवा सलग दोन दिवस १२ गुण वाढले की उसळी सुरू झाली असं धरतात. घरी एवढं रोज कुणी करणार नाही, पण 'स्वतःची नेहमीची पातळी' आणि 'सलग दिवस' या दोन कल्पना तिथून उचलण्यासारख्या आहेत.

रातराणी

रोजच्या वहीचा आग्रह मला पटत नाही. महिनाभरात ती बंद पडते, आणि बंद पडली की रुग्ण अपराधी वाटून भेटीलाच येईनासा होतो. बिघडेल त्याच दिवशी लिहावं. धाप, कफाचं प्रमाण, कफाचा रंग या तिघांपैकी एक जरी वाढलं आणि सोबत सर्दी, घसा, खोकला किंवा घरघर यांपैकी काही असलं, आणि ते दुसऱ्या दिवशीही टिकलं, तर एक ओळ: तारीख, काय वाढलं, काय घेतलं. बरं वाटलं त्या दिवशी दुसरी तारीख. बस्स.

मध्यमान

त्यात एक भोक राहतं. दोन महिने वही कोरी असेल तर बरं होतं म्हणून कोरी, की लिहायचं राहिलं म्हणून कोरी?

रातराणी

बरोबर आहे. म्हणून आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी, फक्त बरोबरची खूण. औषधपेटी यांनी सांगितलेला पंपाचा आकडा टिपायच्याच दिवशी. खूण असलेला आठवडा म्हणजे बरा, ओळ असलेला म्हणजे बिघडलेला, काहीच नसलेला म्हणजे माहिती नाही. माहिती नाही असलेले आठवडे भेटीत आधी विचारायचे. डोळ्यांना कमी दिसतं किंवा हात थरथरतो त्यांनी कफाचा फोटो आणि औषधाच्या पाकिटाचा फोटो काढून ठेवावा, फोनमध्ये तारीख आपोआप पडते.

अबोली_७

वाचनखूण साठवली. हे सगळं दमा आणि ब्रॉन्किएक्टेसिसलाही लागू होतं का?

पिंपळपान

विचारण्याची रीत तीच, मोजमाप वेगळं. ब्रॉन्किएक्टेसिसमध्ये श्वासनलिका कायमच्या रुंदावलेल्या असतात आणि कफ बारमाही असतो, त्यामुळे नुसता कफ पुरत नाही. २०१७ साली ठरलेल्या व्याख्येप्रमाणे खोकला, कफाचं प्रमाण किंवा घट्टपणा, कफाचा पू, धाप किंवा घटलेली ताकद, थकवा, कफातून रक्त, यांतल्या किमान तीन गोष्टी निदान ४८ तास वाढलेल्या हव्यात आणि डॉक्टरला उपचार बदलावेसे वाटायला हवेत. त्या आजाराची तीव्रता मोजणाऱ्या बीएसआय गुणांमध्ये वर्षात तीन किंवा जास्त उसळ्यांना गुण मिळतात आणि इस्पितळात दाखल होण्याची खिडकी दोन वर्षांची असते. म्हणजे काळ सरकण्याचा सांजवेळ यांनी सांगितलेला दोष तिथे दुप्पट अंतरावर तपासावा लागतो. दम्यात लक्षणं चार आठवड्यांपुरतीच विचारतात, तेवढं आठवतं. पण वर्षातले स्टिरॉइडचे कोर्स तिथेही मोजायचेच.

अबोली_७

आणखी एक. ३ तारखेला गोळ्या सुरू, ८ ला संपल्या, १५ ला पुन्हा त्रास आणि अँटिबायोटिक. या दोन लिहायच्या की एक?

मध्यमान

वहीत दोन्ही ओळी, तारखांसकट. मोजताना मधल्या काळात रुग्ण नेहमीच्या पातळीवर आला होता का ते पाहायचं. औषध संपल्यापासून किती दिवस सुटले की नवी उसळी धरायची, यासाठी अभ्यासांमध्ये एक ते दोन आठवडे, काहींत चार आठवडेही, अशा वेगवेगळ्या मर्यादा वापरतात. इथे मधे सातच दिवस गेले आहेत. त्या सातांत बरं वाटलंच नसेल तर मी एकच धरेन आणि शेजारी 'पहिल्या कोर्सने न सावरलेली' असं लिहीन. जिना चढता येत होता, कफ पांढरा झाला होता, असं स्पष्ट सांगत असेल तर दोन. आकडा एकवरून दोनवर जात असेल तर निर्णय डॉक्टरवर सोडा, पण ८ ते १५ तारखांमधला प्रत्येक दिवस कसा होता ते आताच विचारून ठेवा. महिनाभराने ते कुणालाच सांगता येणार नाही.